वस्तीचा मंगळवार

ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की आमच्या गावाला उन्हाळा लागतो. ऊन त्याआधीही असतं, पण ते नुसतंच ऊन. मग एका सकाळी सिरसाळ्याच्या बाजूनं ट्रॅक्टर येतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत पत्रे, बाजा, कोंबड्यांची डालगी, काळी पडलेली पातेली, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, आणि या सगळ्याच्या वर, उंचावर, पोरं. रस्त्यावर बराच वेळ एक आंबूस-गोड वास रेंगाळतो. पाचटाचा, मळीचा, अंगावरच वाळलेल्या घामाचा.

यंदाही तो वास आला तेव्हा मी चौकातल्या सिमेंटच्या बाकड्यावर बसलो होतो. या बाकड्याच्या पाठीवर माझं नाव आहे आणि नावाखाली ‘यांच्या सौजन्याने’ असं आहे. रंग उडाला, अक्षरं राहिली. ट्रॉली गेली, धूळ खाली बसली, कडुनिंबाचा मोहोर धोतरावर पडत राहिला. मी तो झटकला नाही. दरवर्षी याच दिवसांत या बाकड्यावर बसणं मला जड जातं आणि दरवर्षी मी याच दिवसांत इथं येऊन बसतो. का म्हणून, ते आज सांगतो. गावात जे सांगितलं जातं ते खोटं आहे. ते खोटं मीच पहिल्यांदा बोललो, म्हणून खरंही मीच सांगितलं पाहिजे.

बाहेरच्या माणसाला आमच्या वारांची गंमत कळायची नाही. आमच्या गावात वारांना देव नव्हते, गल्ल्या होत्या. धरणावरून पाणी येई ते टाकीत पडे, आणि टाकीतून रोज एका भागाला सुटे. सोमवार बाजार गल्लीचा, बुधवार माळ्यांचा, शनिवार पेठेचा. मंगळवार वस्तीचा. लोक त्यावरच आयुष्य बेतत. गोधड्या धुणं, न्हाणं, वाळवणं, पाहुण्यांना बोलावणं. बाजार गल्लीत सोयरीक जमवायची तर पाहुणे सोमवारीच घरी यायचे, म्हणजे अंगणात सडा आणि हंड्यात पाणी, दोन्ही दिसे. जावई पाण्याच्या वारी आला तर कौतुकाचा, कोरड्या वारी आला तर सासू म्हणायची, “आलं बाई सुकं तोंड घिऊन.” त्या दिवशी पहाटेपासून नळापाशी भांड्यांची रांग. माणूस दमला की भांडं उभं करून जाई, आणि भांड्याचा मान माणसाइतकाच राखला जाई. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटायची. तो आवाज ऐकला की झोपलेली म्हातारीसुद्धा उठून बसायची.

वस्ती म्हणजे गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या पलीकडं. ऊसतोड कामगारांची घरं. ती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, घरपट्टी भरते, तिला प्रभागाचा क्रमांकही आहे. तरी आम्ही सगळे तिला नुसतं ‘वस्ती’च म्हणत आलो. दसरा झाला की तिथं दारांना कुलपं लागत. संध्याकाळी गच्चीवरून बघितलं तर गावाच्या तीन बाजूंना दिवे दिसायचे आणि चौथ्या बाजूला काळोख. त्यात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री तेवढी मागं राहिलेली असत.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याचा सभापती होतो. हे पद काय असतं ते सांगतो. कुठल्या गल्लीला कुठला वार, किती वेळ पाणी, हे ठरवायला सभा लागत नव्हती, ठराव लागत नव्हता, कुणाला विचारावं लागत नव्हतं. संध्याकाळी माझी बैठक भरायची. लोक यायचे, चहा व्हायचा, कुणीतरी हळूच म्हणायचं, “तात्या, आमच्याकडं जरा जास्ती सोडा की.” मी मान हलवायचो. सकाळी व्हॉल्व्हमन लतीफ आपली लांब लोखंडी चावी घेऊन जायचा आणि जमिनीखाली गाव बदलायचं. कार्यालयात तक्रारीची खिडकी होती, पण तिच्यात कोळी जाळी विणत होते. कारण माणसं खिडकीशी न जाता माझ्या ओसरीवर येत होती, आणि मला ते आवडत होतं. सत्तेची चव काय असते असं कुणी विचारलं तर मी सांगीन, दुसऱ्याच्या घोटभर पाण्याला आपली मान लागते, ती चव.

त्या साली हिवाळ्यात तेलगाव रोडला नवे प्लॉट पडले. पांढऱ्या फक्कीच्या रेघा, कोपऱ्यांना दगड, दर्शनी कमान. प्लॉट पाडणारे माझ्या ओसरीवर आले. पाण्याशिवाय प्लॉट विकले जात नव्हते. त्यांच्यातला एक फार साधेपणानं म्हणाला, “तात्या, वस्तीत आत्ता हायच कोन? मंगळवार वायाच चाललाय.”

बोलण्यात तर्क होता. पाणी फुकट जात होतं, हे खरंच. मी म्हणालो, “तात्पुरतं.” मान हलली. लतीफनं चौकातला वस्तीकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मंगळवार तेलगाव रोडला गेला.

तात्पुरतं हा शब्द मी पुढं खूप वेळा वापरला. सार्वजनिक कामात इतका कायमचा शब्द दुसरा नाही.

मग माणसं परत आली. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, तोच वास. वस्तीत कुलपं निघाली, चुली पेटल्या, पत्र्यांवर पोरं चढली. पहिल्या मंगळवारी बायका हंडे घेऊन नळाशी बसल्या. दुपार झाली. नळातून हवासुद्धा सुटली नाही. तेव्हा त्यांच्यातली एक रिकामा हंडा कडेवर घेऊन थेट चौकात आली. तिचं नाव रुक्मिणबाई. तिशीतली असेल. हंडा उन्हानं इतका तापलेला होता की तिनं मध्ये पदराची घडी धरली होती. चौकात मी पाच-सहा जणांबरोबर उभा होतो.

“तात्या, आमचा मंगळवार कुठं गेला ओ?”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “कॅलेंडरात बग की बाई, तितंच आसंल.”

“तितला ऱ्हाऊ द्या तितं,” ती म्हणाली. “नळाचा कुठं गेला त्ये इचारतेय मी.”

तेव्हा सांगता आलं असतं. मंगळवार प्लॉटांना दिलाय, उद्या परत देतो, एवढंच वाक्य होतं. त्याच हिवाळ्यात वस्तीचा रस्ता उकरला गेला होता, खडी अजून कडेला पडलेली होती. माझ्या तोंडातून निघालं, “पाइप फुटलाय. रस्त्याच्या कामात मशीननं तोडला. होईल दुरुस्त.”

ठरवून बोललेलं नव्हतं. पण तोंडाला सवय होती.

आणि तिचा चेहरा निवळला. तिनं हंडा खाली ठेवला. “मंग आसं सांगा की! आमाला वाटलं, कुनी नेला का काय.” तिनं पदराची गाठ सोडली, आत कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. “तिकडल्या गुऱ्हाळाचा हाय. लेकरास्नी द्या घरी. आन तेवढा पाइप बगा, तात्या. लई लांब पडतंय हिरीवर जायला.”

तो गूळ मी घेतला. घरी नेला आणि खाल्ला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी लतीफ आला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण चौकात उघडं दिसत होतं. “तात्या, ढक्कन दिसतंय. कुनी म्हनलं, खोल रे लतीफ, तर म्या काय करू?” त्याच आठवड्यात माझ्या नावाची बाकडी आली होती. मी म्हणालो, एक तिथं ठेव. लतीफ हसला. “झकास. तुमच्याच नावाचं बाकडं, तुमीच वर बसा. कुनाच्या बापाला कळत न्हाई.”

असं ते बाकडं तिथं आलं. पुढं गाव त्यावर बसलं. म्हातारे बसले, परीक्षा देऊन आलेली पोरं बसली, एसटी चुकलेल्या बायका बसल्या. गावाला बसायला जागा दिली म्हणून एका सभेत माझा सत्कारही झाला. आणि खाली, आमच्या सगळ्यांच्या बुडाखाली, एक धडधाकट व्हॉल्व्ह आणि वस्तीपर्यंत गेलेली धडधाकट लाइन होती. कार्यालयात तिला ‘मेलेली लाइन’ म्हणू लागले. मुख्याधिकारी आले, गेले. प्रत्येकाला हेच सांगितलं गेलं आणि प्रत्येकानं पुढच्याला हेच सांगितलं. मधली काही वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होता, तेव्हा तर विचारायलाही कुणी नव्हतं. वस्तीला टँकर सुरू झाला. टँकर कधी येई, कधी न येई. वस्तीतल्या पोरी उन्हाळ्यात शाळेत कमी आणि सिरसाळा रस्त्यावरच्या विहिरीवर जास्त दिसायच्या. मी त्यांना बाकड्यावरून जाता-येताना बघायचो. डोक्यावर हंडा असला की माणसाला मान वळवता येत नाही. त्या सरळ बघत जायच्या. मला तेवढंच बरं वाटायचं.

आता यंदाचं.

या वेळी माझा मुलगा सुनील नगरसेवक झाला. त्याच्या प्रभागात वस्तीही येते आणि तेलगाव रोडचे प्लॉटही. त्यानं वस्तीसाठी नवी पाइपलाइन मंजूर करून आणली. फलक लागले. फलकावर त्याचा फोटो मोठा आणि कोपऱ्यात माझा, आशीर्वाद देणारा. नवी लाइन टाकीपासून निघणार, ओढ्याला वळसा घालून जाणार, दोन उन्हाळे लागणार.

फलक लागले त्या आठवड्यातच माणसं परत आली. रुक्मिणबाई आता तोडीला जात नाही. गुडघे गेलेत. घरात मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी ती एक. सून परत आली तशी रुक्मिणबाई काठी टेकत चौकापर्यंत चालत आली आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. वयानं आम्हाला शेजारी बसायची मुभा दिली आहे.

“नवी लाइन येनार म्हनं, तात्या.”

“हो.”

“तुमच्या लेकानं लई मोटं काम केलं बगा.” आणि तिनं पदराची गाठ सोडली. सुनेनं आणलेला गूळ. “घ्या. तोंड ग्वाड करा.”

हात पुढं झाला नाही. इतकी वर्षं मी हजार गोष्टी गिळल्या, तो खडा मला गिळता आला नसता. मी म्हणालो, “रुक्मिणबाई, पाइप फुटलाच नव्हता.”

मी सगळं सांगितलं. प्लॉट, मान, लतीफ, झाकण. शेवटी हाताच्या बोटानं आमच्या दोघांच्या मधली फट दाखवली, खाली.

मला वाटलं, ती शिव्या देईल. त्या मी घेतल्या असत्या. तिनं गूळ परत कागदात गुंडाळला, पदरात गाठ मारली, गाठ ओढून बघितली. मग म्हणाली, “आन मंग बसलाव काय? उठा की.”

घरी आलो ते सुनीलला सांगायलाच. दुपारचं जेवण चाललं होतं. त्यानं घास खाली ठेवला.

“तात्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? तीसुद्धा भूमिपूजनाच्या तोंडावर?”

“तू नवी लाइन टाकशील. तिच्यात सोडायला वार कुठून आणशील? वार तर प्लॉटात आहे.”

“ते बघू नंतर.”

“हेच मी म्हणालो होतो. तात्पुरतं.”

“प्लॉटातली माणसं मला मत देतात, तात्या. वस्ती मतदानाला असते कुठं? तोडीवर असते.”

“जीप पाठवून आणतो ना आपण त्यांना मतदानाला? तेव्हा बरी सापडतात.”

सूनबाई आतून ताक घेऊन आली ती तशीच उभी राहिली. सुनील खाली बघून म्हणाला, “तुमचंच नाव जाईल.”

“जाऊ दे. सिमेंटवर लिहिलंय, जायला वेळ लागेल.”

तो माझा मुलगा आहे. वाईट नाही. माझ्या ओसरीवर वाढला आणि कारभार म्हणजे मान हलवणं, हे तो माझ्याकडं बघून शिकला. त्याला दोष देताना मला आरशात बघावं लागतं, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण गप्पही बसणार नाही. लोक मला आता सांगतात, म्हातारपणी कशाला, देवाचं नाव घ्या. मी म्हणतो, देवाचं नाव घ्यायला घसा ओला लागतो. तो आधी वस्तीचा होऊ दे.

भूमिपूजन शनिवारी होतं, चौकातच. मांडव, फुलांची कुदळ, नारळ. मी सकाळी लवकर जाऊन बाकड्यावर बसलो. ओढ्याच्या बाजूनं वस्तीतल्या बायका आल्या. त्यांच्याकडं दोन पहारी होत्या. रुक्मिणबाई सगळ्यांत मागं, काठी टेकत, पण सगळ्यांत मोठ्या आवाजात. लतीफलाही मी बोलावून घेतलं होतं. आता त्याची दाढी पांढरी आहे आणि एक डोळा अधू.

मुख्याधिकारी मॅडम नव्या आहेत, तरुण. पहारी बघून त्या माझ्याकडं आल्या. “काका, हे काय? ही परिषदेची मालमत्ता आहे. असं हात लावता येणार नाही.”

“मॅडम, यावर काय लिहिलंय तेवढं वाचा.”

त्यांनी वाचलं. माझं नाव, आणि मग, “यांच्या सौजन्याने.”

“ते सौजन्य मी परत घेतोय,” मी म्हणालो.

मागं कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी हसलं. सुनील मांडवात कुदळ धरून उभा होता. बायकांनी पहारी बाकड्याच्या पायाखाली घातल्या. जोर लावला. बाकडं हललं नाही. परत जोर लावला. तेव्हा रुक्मिणबाई ओरडली, “आवो तात्या, आदी उठा तरी! तुमच्यासगट उचलायचं का आमी?”

मी अजून बसलेलोच होतो. सगळा चौक हसला. मीही उठलो, आणि हसलो असेन बहुतेक.

बाकडं कलंडलं. खाली माती, मुंग्या, बिड्यांची थोटकं, एक चपटी झालेली प्लॅस्टिकची बांगडी. लतीफनं बसून हातानं माती सारली. झाकण दिसलं. गंज होता, पण जागेवर होतं. झाकण काढल्यावर व्हॉल्व्ह दिसला. आताच्या तरुण व्हॉल्व्हमननं मॅडमकडं बघितलं. मॅडम खड्ड्यात बघत होत्या. लतीफनं त्या पोराच्या हातातून चावी घेतली, बसवली आणि केसभर फिरवली. फिरली. खालून एक आवाज आला, पाणी धावायचा, आणि त्यानं लगेच चावी उलटी फिरवून बंद केलं.

“सोड बे, सोड!” दोघं-तिघं ओरडले.

“नगं,” रुक्मिणबाई म्हणाली. “आज शनवार. शनवार पेठंचा हाय. दुसऱ्याचं पानी आमाला नगं. आमचा मंगळवार हाय, आमी मंगळवारीच घिऊ.”

मॅडम म्हणाल्या, “बघू आपण मंगळवारी.”

“बगू न्हाई, मॅडम. सोडू म्हना.”

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग झाकणाकडं, मग माझ्याकडं. “सोडू,” त्या म्हणाल्या.

मी त्या शब्दावर विसंबून नाही. मी स्वतः त्या खुर्चीच्या शेजारी बसलेला माणूस आहे. मंगळवारच्या आत किती फोन येतात, किती ओसऱ्यांवर चहा होतो, मला माहीत आहे. प्लॉटांतली माणसं काल माझ्याकडंही आली. त्यांनाही पाणी हवंच, आता तिथंही माणसं राहतात, पोरंबाळं आहेत. मी त्यांना म्हणालो, तुमचा वार सभेत मागा, मी तुमच्या बाजूनं बोलीन. पण सभा आता घ्या, या दिवसांत, सगळे घरी असताना. मार्गशीर्षात, अर्धं गाव कुलपात असताना, गावाचे निर्णय व्हायचे ते आता बंद. कुणाचा वार कुठला आणि नाही आलं पाणी तर जाब कुणाला विचारायचा, हे त्या-त्या नळाशेजारच्या भिंतीवर तेलरंगानं लिहा. आणि ज्या भागाचा वार काढायचा असेल त्या भागाच्या माणसांसमोर उभं राहून काढा, त्यांच्या डोळ्यांत बघून. मला ते जमलं नसतं. म्हणून तर मी हिवाळा निवडला.

सुनील दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. नारळ त्यानं फोडला नाही, घरी आणून देवळीत ठेवला. आज संध्याकाळी चहा मात्र त्यानंच आणून दिला आणि उभ्या उभ्या विचारलं, “उद्या जाणार तुम्ही?”

“जाणार.”

“ऊन असतं. छत्री घ्या,” म्हणाला, आणि गेला.

आज सोमवार. बाजार गल्लीचं पाणी सकाळीच येऊन गेलं. ओढ्याच्या पलीकडून भांड्यांचे आवाज येताहेत. वस्तीत हंडे घासताहेत. बाकडं अजून कलंडलेलंच पडलंय, माझं नाव मातीकडं तोंड करून. झाकण उघडं आहे. रुक्मिणबाईचा गूळ तिच्या पदरातच आहे, मी बघितला. तो तिनं कुणाला द्यावा, हा तिचा प्रश्न.

उद्या मंगळवार. मी पहाटेच जाऊन त्या खड्ड्याच्या कडेला बसणार आहे. खाली, जमिनीवर.